डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांनी आजच पासपोर्ट उघडून पाहावा

नमस्कार मंडळी,

तिकिटं काढण्याआधी घरातल्या सगळ्यांच्या भारतीय पासपोर्टची मुदत तपासा. मोठ्यांचा पासपोर्ट १० वर्षं चालतो, पण लहान मुलांचा ५ वर्षांतच संपतो, आणि नेमका तोच विसरला जातो. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नव्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो, तेव्हा थांबू नका.

अमेरिकेत आधी भारत सरकारच्या पासपोर्ट संकेतस्थळावर अर्ज भरायचा, मग व्हीएफएसकडे (सरकारच्या वतीने अर्ज स्वीकारणारी खासगी कंपनी) कागद पाठवायचे. मूळ पासपोर्टही सोबत जातो, त्यामुळे त्या काळात परदेश प्रवास ठरवू नका.

फोटोकडे विशेष लक्ष द्या. पांढरी पार्श्वभूमी, मागे सावली नको. गेल्या वर्षी मी स्वयंपाकघरातल्या भिंतीसमोर लेकीचा फोटो काढला, कानामागे पुसटशी सावली राहिली आणि अर्ज परत आला. तीन आठवडे जिवाला घोर होता. सही चौकटीच्या रेषेला लागू देऊ नका. मुलांच्या अर्जासाठी आई-वडील दोघांच्याही सह्या लागतात. एकजण भारतात असेल तर आत्ताच बोलून घ्या.

जुना, रद्द केलेला पासपोर्ट अजिबात टाकू नका. त्यातला अमेरिकेचा व्हिसा मुदतीत असेल तर चालतो, मात्र प्रवासात दोन्ही पासपोर्ट जवळ हवेत.

अर्ज भरताना अडलात तर रविवारी मराठी शाळा सुटल्यावर भेटा, आपण एकत्र बसून भरू. ज्येष्ठांनी तर जरूर या.