वाळत घालायचं कुठे? २७ वर्षांचं भांडण

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले अकरा दिवस डोंबिवलीत धड ऊन पडलेलं नाही, बेडरूमच्या दांड्या, हॉलमधल्या खुर्च्यांच्या पाठी, दरवाजे, सगळीकडे कपडेच कपडे आहेत आणि आज सकाळी परत माझं आणि मिस्टरांचं खिडकीवरून वाजलं, म्हणून शेवटी हे पत्र लिहायला बसले. विषय घरगुती आहे, पेपरात लिहिण्यासारखा आहे का असंही वाटेल, पण आमच्या स्टाफरूममध्ये जुलैत हा विषय नुसता काढायचा अवकाश, प्रत्येकीकडे सांगण्यासारखं भांडण असतं. एकीचा नवरा ओला टॉवेल बेडवर टाकतो, एकीचा नवरा उलट इतका नीटनेटका की तिने घातलेले कपडे मागून जाऊन परत सारखे करतो आणि तिला त्याचाच जास्त राग येतो.

मी मूळची सोलापूरची, हे चिपळूणचे. १९९८ ला लग्न झालं तेव्हा आईने सहा सोलापुरी चादरी दिल्या होत्या. आमच्याकडे चादर धुतली की गच्चीच्या कठड्यावर टाकायची, चिमटे पण नाही, वर दोन दगड ठेवायचे, एप्रिल-मे मध्ये भांडी घासून होईपर्यंत पापडासारखी कडक. तीच चादर मी लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात इथे धुतली आणि ती तिसऱ्या दिवशी पण मधल्या घडीत गार लागत होती. मला खरंच रडू आलं होतं, सासूबाई म्हणाल्या अगं पावसाळ्यात चादरी धुतं का कोणी. त्यांच्याकडे चिपळूणला चार महिने कपडे पडवीत नाहीतर चुलीच्या वर बांधलेल्या दांडीवर, आणि तान्ह्या बाळाच्या लंगोट्या म्हणजे शेगडीवर डालगं पालथं घालून त्याच्यावर पसरायच्या. हे सांगतात की जुलैत त्यांच्या शाळेच्या शर्टाला धुराचा वास यायचा आणि वर्गात सगळ्यांच्याच शर्टाला यायचा त्यामुळे कोणाला काही वाटायचं नाही.

तर आमचं भांडण इथून सुरू होतं. ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की बाहेरची हवा ओली आहे, खिडकी उघडली की ओल आत येते, म्हणून खिडक्या बंद, पंखा पाचवर आणि कपडे आत. माझ्या डोक्यात तेवढंच पक्कं की कपडा बाहेर गेला पाहिजे, ऊन नसलं तरी उजेड आणि वारा तरी लागला पाहिजे. अहो खिडकी उघडा जरा, म्हटलं की ठरलेलं उत्तर, अगं बाहेर काय कोरडं आहे का. २००३ च्या ऑगस्टमध्ये मी शाळेत जाताना सगळं धुणं गॅलरीत घालून गेले होते, हे नाइट शिफ्ट करून येऊन झोपलेले, दुपारी पावसाची मोठी सर आली आणि सगळं परत भिजलं, घरी येऊन बघते तर दोरीवरून पाणी ठिबकतंय. मी म्हटलं एवढा आवाज झाला पावसाचा, उठून काढता नाही आले? ते म्हणाले बाहेर घालायला सांगितलं कोणी. दोन दिवस बोलत नव्हतो आम्ही. आज आठवलं की वाटतं, रात्रभर मशीनवर उभा राहिलेला माणूस दुपारी सरीच्या आवाजाने कसा उठेल, पण त्या दिवशी मला फक्त ती भिजलेली दोरी दिसत होती.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मागच्या वर्षी म्हटलं हे एकदा मोजूनच टाकू. बॅगा मोजायचा हुकाचा काटा आहे आमच्याकडे, त्याला पिशवी अडकवून एका लोडचे वाळलेले कपडे मोजले, ४ किलो. मशीनमधून स्पिन होऊन बाहेर आले तेव्हा ६ किलो ४०० ग्रॅम. म्हणजे पिळून निघालेले, हाताला ठीक लागणारे कपडे पण २ लिटर ४०० मिली पाणी घेऊन दांडीवर चढतात आणि ते सगळं पाणी त्या खोलीच्या हवेत जायचं असतं. आता आमची बेडरूम १० बाय ११, म्हणजे साधारण ३० घनमीटर हवा. २८ डिग्रीला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ मावते, पावसाळ्यात दमटपणा ८५ टक्के धरला तर ती हवा आधीच जवळजवळ भरलेली, उरलेल्या जागेत अख्ख्या खोलीत मिळून १२० ग्रॅमच्या आसपास पाणी मावणार, म्हणजे आमटीची एक वाटी. एक वाटी जागा आणि २ लिटर ४०० मिली पाणी! बंद खोलीत पंखा कितीही फिरवा, तीच ओली हवा गोल गोल फिरते. बाहेरची हवा तेवढीच दमट असली तरी ती आत येऊन आपल्या वाट्याची वाफ घेऊन बाहेर गेली पाहिजे, आणि असं खोलीतली सगळी हवा कमीत कमी २० वेळा बदलली तर तो एक लोड वाळतो.

हे मी वहीवर मांडून ह्यांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, मग उठून खिडकी उघडली आणि समोरच्या दाराला स्टूल लावून ठेवलं. पंख्याचं मात्र त्यांचं बरोबर होतं हे मी इथे लिहून देते, हवा हलली नाही तर कपड्याला चिकटून बसलेली ओल निघत नाही, आणि ७५ वॉटचा पंखा ८ तास चालला तरी ०.६ युनिट होतं, साधा ड्रायर एका लोडला दोन-तीन युनिट घेतो. ड्रायर घ्यायचं ह्यांनी दोनदा काढलं, मी दोनदा नको म्हटलं, ठेवायला जागा नाही हे एक आणि सुती कपडे आटतात हे दुसरं. ज्यांच्याकडे लहान बाळ आहे किंवा आजारी माणूस आहे त्यांनी जरूर घ्यावा.

तरी आज सकाळी वाजलंच, कारण जोराचा पाऊस तिरका आत येत होता आणि ह्यांनी खिडकी लावून घेतली, मी उघडली, त्यांनी परत लावली. आणि खिडकी लावली की तो कुबट वास येणार हे मला माहीत होतं. २०१२ साली जपानमधल्या संशोधकांनी शोधून काढलं की हा वास मोराक्सेला नावाच्या जीवाणूमुळे येतो, कपडा जितका जास्त वेळ ओलसर राहील तितकी त्याची वाढ, आणि तो वाळवल्याने किंवा उन्हानेही सहज मरत नाही. म्हणून तर वाळल्यावर वास गेल्यासारखा वाटतो आणि अंगातल्या घामाने शर्ट ओला झाला की लोकलमध्ये परत येतो. माझी इतकी वर्षं समजूत होती की एक दिवस कडक ऊन दाखवलं की झालं, तसं नाहीये. सोसेल त्या कपड्याला कडकडीत गरम पाणी आणि मुळात लवकर वाळवणं, एवढंच हातात आहे. दांडीवर दोन कपड्यांत एक मूठ अंतर सोडायचं, दुहेरी टाकायचं नाही, जीन्स उलटी करून खिसे बाहेर काढायचे. दुहेरी टाकायची सवय ह्यांची अजून गेलेली नाही.

आता जे लिहायला मला खरं तर संकोच वाटतोय ते लिहिते. लग्नानंतर १८ वर्षं आमच्या गॅलरीत ह्यांची बनियनं, चड्ड्या पुढच्या दोरीवर उन्हात वाळायच्या आणि माझे आतले कपडे बाथरूमच्या दाराच्या मागे, नाहीतर मागच्या दोरीवर परकराच्या खाली झाकून. कोणी सक्ती केली नव्हती, माझ्या आईकडे पण तेच होतं. २०१६ च्या पावसाळ्यात मला कमरेला गजकर्ण झालं, तीन महिने मलम, गोळ्या, थोडं बरं वाटलं की परत यायचं. स्किनच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, कपडे कुठे वाळवता? मी सांगितलं. ते म्हणाले ओलसर इलॅस्टिकचा कपडा रोज त्याच जागी लागतोय, मलम काय करणार, बाहेर वाऱ्यावर घाला, शिवणीवरून इस्त्री फिरवा, टॉवेल कोणाबरोबर वापरू नका. घरी येऊन मी म्हटलं उद्यापासून माझे कपडे पुढच्या दोरीवर. सासूबाई म्हणाल्या आल्यागेल्याला दिसतं गं. ह्यांचा चेहरा पण पडला, समोरच्या विंगमधून दिसेल म्हणाले, आणि त्या रात्री मी त्यांना जे बोलले ते तेवढं आयुष्यात कधी बोलले नसेन. सकाळी उठून बघते तर हे गॅलरीत, बादली घेऊन, माझे कपडे पुढच्या दोरीवर एकेक चिमटा लावून घालतायत. काही बोलले नाहीत. सासूबाई पण मग काही बोलल्या नाहीत.

माझ्या वर्गातल्या मुली अजून मला सांगतात की पाळीचं कापड दुसऱ्या कपड्याखाली वाळवतो. आठवीतल्या मुली आहेत. त्यांच्या वह्यांवर जेवढं लक्ष देतो तेवढंच त्यांच्या दोरीवर द्यायला पाहिजे असं मला फार वाटतं.

आणि बाहेर घाला बाहेर घाला म्हणताना बाहेर जागा तरी आहे का? आमच्या सोसायटीने मागच्या वर्षी नोटीस लावली, दर्शनी बाजूला कपडे वाळत घालू नयेत, ५०० रुपये दंड, बिल्डिंगचा शो जातो. गच्चीला कुलूप. मग उरली कुठली जागा? मुलाचं लग्न ठरलंय म्हणून सध्या आम्ही कल्याण-बदलापूर साइडला फ्लॅट बघतोय, सॅम्पल फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनचा पॉइंट आहे, मॉड्युलर किचन आहे, पण कपडे कुठे वाळवायचे विचारलं तर तिथला मुलगा म्हणतो मॅडम ड्राय बाल्कनी आहे ना. टेप काढून मोजली, ३ बाय ५ फूट, त्यात मशीन बसणार आणि वर एसीचं युनिट गरम हवा फेकणार ती वेगळी. होणारी सून आणि मुलगा तिथेच वाद घालायला लागले, ती म्हणे स्टँड हॉलमध्ये ठेवू, तो म्हणे हॉलमध्ये पाहुणे येतात. मी त्यांना म्हटलं भांडू नका, ज्याने हा नकाशा काढला त्याने कपडे वाळत घातलेले नाहीत.

महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावरून धोबीघाट दिसतो, तिथे दोन दोऱ्यांना पीळ देऊन त्या पिळात कपड्याचं टोक अडकवतात, चिमट्याची गरज नाही, एवढे हजारो कपडे वाऱ्यावर उभे असतात. वारा मिळाला की मुंबईच्या हवेतही कपडे वाळतात हे तिथे रोज दिसतं.

एक गोष्ट कृपा करून मोठ्या टायपात छापा. गावाकडे अजून लोखंडी तारेवर कपडे घालतात, पावसाळ्यात त्या तारेत करंट उतरून माणूस गेल्याची बातमी तुमच्याच पेपरात येते आणि बऱ्याचदा बायकोला सोडवायला गेलेला नवरा पण जातो. तार काढून नायलॉनची दोरी लावा, आणि कोणाला शॉक बसलेला दिसला तर हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करा.

आमच्या सोसायटीची जनरल मीटिंग येत्या रविवारी आहे. गच्ची रोज सकाळी ८ ते संध्याकाळी ५ उघडी ठेवावी, दोऱ्यांसाठी पाइप लावून द्यावेत आणि ती नोटीस काढावी, असा अर्ज मी काल सेक्रेटरींकडे दिलाय. खाली आमच्या दोघांच्या सह्या आहेत आणि आमच्या मजल्यावरच्या बाकी तीन घरांच्या, त्याही नवरा-बायको दोघांच्या घेतल्यात. आपल्या पेपरच्या घरांच्या पुरवणीत नवीन प्रोजेक्टची माहिती देताना कपडे वाळवायची जागा किती फूट आणि तिला वारा कुठून, एवढे दोन आकडे छापायला सुरुवात करावी ही माझी विनंती आहे.

आपली नम्र,
एक शिक्षिका, डोंबिवली पूर्व