जजना मत देताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, कॉलेजियम, म्हणजे जजनीच नवे जज निवडायची आपली पद्धत, बंद करा आणि अमेरिकेत लोक जसे मत देऊन जज निवडतात तसं आपल्याकडेही सुरू करा, अशा अर्थाचं. त्यांचा राग मला कळतो. माझे वडील सांगलीला वकिली करायचे, तारीख पे तारीख म्हणजे काय ते मी घरातच बघितलंय. पण मी 2006 पासून आयोवा राज्यात राहते, 2016 पासून इथे जजसाठी मतदान करते, म्हणून हे प्रकरण जवळून कसं दिसतं ते लिहावंसं वाटलं.

आधी एक घोळ निस्तरते. वॉशिंग्टनला जे मोठं सुप्रीम कोर्ट आहे तिथल्या 9 जजना कोणीही मत देत नाही, राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, सिनेट मंजूर करते, आणि मग ते तहहयात. लोक मत देतात ते राज्याच्या जजना. इथे प्रत्येक राज्याला स्वतःचं सुप्रीम कोर्ट असतं, आपल्या हायकोर्टासारखं म्हणा, फक्त राज्याच्या कायद्यापुरता त्यांचाच शब्द शेवटचा. आणि प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. टेक्सासमध्ये जज चक्क पक्षाच्या तिकिटावर उभे राहतात, साऊथ कॅरोलिना आणि व्हर्जिनियात आमदार निवडतात, ऱ्होड आयलंडमध्ये एकदा नेमले की जन्मभर. त्यामुळे 'अमेरिकेसारखं' म्हणजे नक्की कुठल्या राज्यासारखं ते आधी ठरवायला लागेल.

आमच्या शेजारचं विस्कॉन्सिन घ्या. तिथे सरळ निवडणूक, मुदत 10 वर्षं, कागदोपत्री पक्ष नाही पण कोण कुणाचा हे शेंबड्या पोरालाही माहीत. 2025 च्या एप्रिलमध्ये एका जागेसाठी सुझन क्रॉफर्ड आणि ब्रॅड शिमेल उभे होते, त्या एका खुर्चीवर दोन्ही बाजू मिळून सुमारे 10 कोटी डॉलर खर्च झाला. इलॉन मस्क यांनी आणि त्यांच्या संस्थांनी शिमेल यांच्या बाजूने 2 कोटींच्या वर घातले, स्वतः तिथल्या ग्रीन बे शहरात येऊन दोन मतदारांना 10-10 लाख डॉलरचे चेक दिले. क्रॉफर्ड जिंकल्या, पण त्यांच्या बाजूनेही श्रीमंतांचा पैसा होताच की. आणि टीव्हीवर जाहिराती कसल्या, तर समोरचा गुन्हेगारांना कसं सोडतो, बस तेवढंच. सांगलीत आमच्या ओळखीचे एक जिल्हा जज होते, ते कुणाच्या लग्नाला गेले तरी अक्षता टाकून निघायचे, पंगतीला बसायचे नाहीत, उद्या यातला कोणी आपल्यासमोर उभा राहील म्हणून. मला त्या जाहिराती बघताना दर वेळी तेच आठवायचे.

पैसा घेतला म्हणून निकाल फिरतोच असं नाही, पण वेस्ट व्हर्जिनियात काय झालं बघा. मॅसी नावाच्या कोळसा कंपनीविरुद्ध 5 कोटी डॉलरचा निकाल लागलेला, अपील व्हायचं होतं, तेवढ्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या 2004 च्या निवडणुकीत कंपनीच्या प्रमुखाने ब्रेंट बेंजामिन या उमेदवारासाठी 30 लाख डॉलर खर्च केले. ते निवडून आले, अपील त्यांच्यासमोर आलं, या खटल्यातून बाजूला व्हा म्हटलं तर झाले नाहीत, आणि निकाल 3-2 ने कंपनीच्या बाजूने. शेवटी 2009 मध्ये वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की या जजने बाजूलाच व्हायला हवं होतं, आणि तेही 5-4 ने! म्हणजे 4 जजना त्यात घटनेचा भंग दिसलाच नाही.

आता आमचं आयोवा. इथे 1962 पासून वेगळी पद्धत आहे, मूळची मिसूरी राज्याची, तिथे ती 1940 ला आली. जागा रिकामी झाली की वकील अर्ज करतात, निवड समिती मुलाखती घेते, 3 नावं गव्हर्नरकडे जातात, त्यातलंच एक त्यांना घ्यावं लागतं. वर्षभर काम झालं की पुढच्या निवडणुकीत लोकांना विचारतात, या जजना ठेवायचं का, होय की नाही. समोर दुसरा उमेदवार नाही. टिकले तर मग दर 8 वर्षांनी तोच प्रश्न, 72 ला रिटायर. ऐकायला छान वाटतं ना, मलाही वाटलं होतं.

2009 च्या एप्रिलमध्ये आयोवाच्या सुप्रीम कोर्टाने 7-0 असा निकाल दिला की समलिंगी जोडप्यांना लग्न नाकारता येणार नाही. 2010 ला त्यातल्या तिघांची मताची पाळी आली, मुख्य न्यायाधीश मार्शा टर्नस, मायकेल स्ट्राइट आणि डेव्हिड बेकर. बाहेरच्या राज्यांतून पैसा आला, जाहिराती झाल्या, आणि हे तिघं गप्प, कारण जजने मतं मागत फिरायचं नसतं असं त्यांचं म्हणणं. तिघंही गेले. त्याआधी इतक्या वर्षांत या कोर्टाच्या एकाही जजला लोकांनी घालवलं नव्हतं. टर्नस 17 वर्षं जज होत्या, त्या 17 वर्षांच्या कामाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, एका निकालावर सगळं संपलं. त्या गेल्यावर 2018 पर्यंत या कोर्टात एकही बाई नव्हती. मी तेव्हा सिटिझन नव्हते म्हणून मत नव्हतं, ऑफिसच्या वाटेवर लोकांच्या अंगणातल्या त्या प्रचाराच्या पाट्या बघत जायचे नुसती.

2016 ला सिटिझन म्हणून पहिलं मत दिलं. उरलेल्या चौघांपैकी तिघांची पाळी होती, तो निकाल ज्यांनी लिहिला ते मार्क केडीसुद्धा. मतपत्रिकेच्या पुढच्या बाजूचे गोल पेनने भरले, कागद उलटला, त्या तिघांपुढे होय भरलं, ते टिकलेही. पण खाली आणखी नावांची रांग होती, खालच्या कोर्टांच्या जजची, आणि त्यातलं एकही नाव मी ऐकलेलं नव्हतं. मागे लाइन. मी ते गोल कोरे ठेवून कागद मशीनमध्ये सरकवला आणि गाडीत बसल्यावर मला फार वाईट वाटलं, कारण त्यातलाच कोणीतरी उद्या कुणाच्या मुलाचा ताबा ठरवणार, कुणाला जेलमध्ये पाठवणार. तेव्हापासून मतदानाआधी वकील संघटनेचा अहवाल वाचते, त्यात वकिलांनी प्रत्येक जजबद्दल मत दिलेलं असतं, वेळेवर निकाल देतो का, पक्षकारांशी नीट बोलतो का वगैरे. मी ओळखीच्यात विचारलं तर दोघं-तिघं सोडून तो अहवाल कुणाला माहीतच नव्हता.

यातलं आपल्याकडे काय आणण्यासारखं आहे म्हणाल, तर माझ्या मते मतदान नाही, निवड समितीचा उघडा कारभार. अर्ज कुणी केला ती नावं इथे जाहीर होतात, मुलाखती लोकांसमोर होतात, समितीत वकील नसलेली साधी माणसं बसतात. आपल्याकडे कॉलेजियमचे ठराव 2017 पासून वेबसाइटवर यायला लागले, पण दार बंदच, कुणाचा विचार झाला आणि कुणाचा का नाही झाला ते कळायला मार्ग नाही. अर्थात समितीवरही राजकारण्यांचा डोळा असतो, आयोवात 2019 ला कायदा बदलून समितीतले सर्वांत सीनियर जज काढले आणि गव्हर्नरचा एक माणूस वाढवला, आता 17 पैकी 9 त्यांचे. म्हणजे आणायचं तर तेवढी फट बुजवून आणा.

आणि मतदानाबद्दल एवढं ठाम का म्हणते ते सांगते. 2024 च्या जूनमध्ये इथल्या कोर्टाने 4-3 ने 6 आठवड्यांनंतरच्या गर्भपातावरची बंदी लागू व्हायचा रस्ता मोकळा केला. मला तो निकाल अजिबात पटला नाही, घरात 19 वर्षांची मुलगी आहे. त्या चौघांपैकी डेव्हिड मे यांची नोव्हेंबरमध्ये मताची पाळी होती, आणि या वेळी 'नाही म्हणा' सांगणारे लोक माझ्या विचाराचे होते. दोन रात्री झोप नाही. पण 2010 ला त्या तिघांवर अन्याय झाला असं मी इतकी वर्षं म्हणत आले, मग आता निकाल मला आवडला नाही म्हणून मी तेच कसं करू? मी होय भरलं. मे टिकले. मुलीचं ते पहिलंच मत होतं, तिने नाही भरलं, आणि परत येताना गाडीत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आजही विषय निघाला की म्हणते, आई, तू चुकलीस.

आपली,
एक वाचक, डी मॉइन, आयोवा