गिअरबॉक्स खोलण्याआधी गेज लावा

महोदय,

पावसाळा सरत आला की सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांत आणि त्यांच्यावर जगणाऱ्या वर्कशॉपमध्ये गाळपाआधीच्या दुरुस्त्यांची घाई सुरू होते. बगॅस (उसाचा चोथा) ढकलणारे आणि ट्रक भरणारे जुने लोडर याच दिवसांत खोलले जातात. या घाईत तेलाचे प्रेशर गेज लावून न मोजताच गिअरबॉक्स खोलण्याची चूक मी दरवर्षी होताना पाहतो. दोन वर्षांपूर्वी ती माझ्याच यंत्राच्या बाबतीत घडली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एका कारखान्याच्या लिलावात निघालेला, चार वर्षे उघड्यावर उभा असलेला व्हील लोडर मी विकत घेतला. इंजिन थोडक्यात मार्गी लागले. दुखणे गिअरबॉक्सचे होते. सकाळी यंत्र पुढे-मागे व्यवस्थित जाई. मात्र वीस-पंचवीस मिनिटे काम झाले की बकेट ढिगात घालताच इंजिन नुसते ओरडे आणि चाके जागची हलत नसत. थोडा वेळ उभे केले की पुन्हा ठीक. गरम झाल्यावर ओढ जाते म्हणजे क्लच प्लेट गेल्या, असे वर्कशॉपमध्ये सांगितले गेले आणि मीही मान डोलावली. गिअरबॉक्स उतरवला, प्लेटांचा संच बदलला, पाच आठवडे आणि दीड लाखाहून अधिक रुपये गेले. काढलेल्या जुन्या प्लेटांवरच्या खाचा अजून स्पष्ट दिसत होत्या, म्हणजे त्या झिजल्याच नव्हत्या; त्या प्लेटा मी जपून ठेवल्या आहेत. यंत्र कामावर गेल्यावर तिसऱ्याच दिवशी तोच दोष परत आला.

त्यानंतर कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर यंत्र पाहायला आले. पाना हातात घेण्याआधी त्यांनी ऑपरेटरला विचारले, "ओढ जाते ती गरम झाल्यावर, की ब्रेक मारल्यावर?" ऑपरेटर म्हणाला, "काका, ढिगाशी सारखं ब्रेकवर काम असलं की लवकर जाते." हा प्रश्न तोवर त्याला कोणी विचारलाच नव्हता, मीसुद्धा नाही.

अशा अनेक लोडरमध्ये डावे ब्रेक पेडल दाबले की ब्रेक लागण्याबरोबरच गिअरबॉक्समधील दिशेच्या (पुढे-मागे नेणाऱ्या) क्लचकडे जाणारे तेलाचे प्रेशर तोडले जाते, जेणेकरून गिअरबॉक्स ब्रेकशी झगडत बसू नये आणि इंजिनची ताकद बकेट उचलण्यासाठी मिळावी. हे काम एका व्हॉल्व्हमधला बोटाएवढा प्लंजर, म्हणजे मागे-पुढे सरकणारी दांडी, करतो. फिटरकाकांनी गेज जोडले तेव्हा पंपाचे प्रेशर पुरेपूर होते; पण पाच-सात वेळा ब्रेक मारून पेडल सोडल्यावर क्लचच्या बाजूचा काटा जेमतेम पाव उंचीपर्यंत चढून तिथेच थबकला. प्लंजर बाहेर काढला, तर त्यावर गंज आणि बगॅसच्या धुळीचा चिकट थर बसलेला होता. तो मागे सरकायला वेळ घेत होता, म्हणूनच यंत्र उभे केले की ओढ परत येत असे. साफसफाई, एक स्प्रिंग आणि दोन ओ-रिंग, एवढ्यावर काम भागले. खर्च चारशे रुपयांच्या आत आला.

जे तीन-चार प्रेशर आधी मोजायला हवे होते, ते मोजायला एक दुपार पुरते. न्यूट्रल, फॉरवर्ड, रिव्हर्स आणि प्रत्येक गिअर यांत गेजचा काटा स्वतंत्र पाहावा आणि तेही तेल ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापल्यावर, कारण थंड व घट्ट तेल झिजलेल्या सीलची गळती झाकून ठेवते. सगळीकडेच प्रेशर कमी असेल तर दोष सामाईक जागी असतो: तेलाची पातळी, सक्शनची गाळणी, पंप किंवा रेग्युलेटरची स्प्रिंग. एकाच दिशेला कमी असेल तर त्या क्लचच्या सीलिंग रिंगा किंवा पिस्टनचे सील संशयास्पद ठरते, आणि गिअरबॉक्स खोलण्याला तेव्हा खरा अर्थ येतो. सगळीकडे प्रेशर पूर्ण असूनही यंत्र ओढत नसेल, तर प्लेट किंवा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलाच्या प्रवाहाने गिअरबॉक्सला देणारा भाग) यांच्याकडे वळावे. त्यासाठी ज्या पेडलने क्लच सुटत नाही ते ब्रेक घट्ट दाबून, समोर माणूस नसल्याची खात्री करून, वरच्या गिअरमध्ये काही सेकंद पूर्ण रेस द्यावी. पुस्तिकेतील आकड्यापेक्षा इंजिनचे फेरे वर गेले तर प्लेट घसरत आहेत. बरेच खाली राहिले तर इंजिन अशक्त आहे किंवा कन्व्हर्टरमधील स्टेटरचा (परतणाऱ्या तेलाला दिशा देणाऱ्या चक्राचा) एकमार्गी क्लच निकामी झाला आहे.

तेलही पुष्कळ सांगते. बहुतेक पॉवरशिफ्ट (तेलाच्या प्रेशरने गिअर बदलणाऱ्या) गिअरबॉक्समध्ये डिपस्टिक इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये, तेल गरम असताना पाहायची असते. इंजिन बंद केल्यावर वरचे तेल खाली उतरते आणि कमी असलेले तेलही पुरेसे वाटते. तेलाला फेस येत असेल तर बहुधा सक्शन पाइप हवा ओढतो आहे. दुधाळ झाले असेल तर बहुधा कूलरमधून पाणी शिरले आहे, आणि कागदी अस्तराच्या प्लेटा पाण्याने सुटू लागतात. गाळणीत चुंबकाला चिकटणारा कीस आणि न चिकटणारी पितळी चकाकी यांचे अर्थही वेगवेगळे आहेत.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. जुने लोडर लिलावात काढताना कारखान्यांनी त्यांची सर्व्हिस पुस्तिका आणि कामाच्या तासांची वही सोबत द्यावी. माझ्या यंत्राची पुस्तिका मिळाली असती तर तो प्लंजर मला नकाशावर दिसला असता. आणि वर्कशॉपनी गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी प्रत्येक गिअरचे प्रेशर व तेलाचे तापमान कागदावर लिहून मालकाची त्यावर सही घ्यावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू होण्याआधी यंत्र खोलायला देणाऱ्या मालकांनी तो कागद मागून घ्यावा.

आपला नम्र,
एक लोडरमालक, सोलापूर