रात्रपाळीच्या सिस्टरना, अण्णांच्या दोन्ही पायांसाठी

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

अण्णांना डिस्चार्ज मिळाला तेव्हा तुमची नाइट संपून तुम्ही घरी गेला होतात. सर्जनसाहेबांचे आणि भूलतज्ज्ञांचे आभार आम्ही समोर उभं राहून मानले, आईने त्यांच्या हातात नारळ-पेढे दिले. तुमची भेट राहून गेली. ती राहिली म्हणून हे पत्र. आणि ते चारचौघांत लिहायचं कारण असं की आमच्या चाळीत, भजनी मंडळात, गावाकडे, जो कोणी आमच्या वडिलांची, अण्णांची, महाधमनीच्या ऑपरेशननंतर चौकशी करतो तो एकच म्हणतो, "बरं झालं, छाती फाडावी लागली नाही. मांडीतून नळी घातली, काम झालं." काम तेवढ्यावर झालं नव्हतं. उरलेलं काम तुम्ही केलंत, भर रात्री, आणि ते या सगळ्यांना कळलं पाहिजे. तुमचं आणि रुग्णालयाचं नाव मात्र लिहीत नाही. परळच्या त्या आयसीयूबाहेर ज्यांनी आमच्यासोबत रात्री काढल्या, ते ओळखतीलच.

तुम्ही पाहिलेत ते अण्णा नळ्या लावलेले, गप्प पडलेले. एरवी ते आमच्या मंडळाचे बुवा. कणकवलीकडचे. तरुणपणी मुंबईला आले, नोकरी केली, संसार केला, पण त्यांचा खरा जीव पेटीत. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, बसले की समोरचा बुवा कितीही तयारीचा असो, अण्णांचा आवाज पहाटेपर्यंत उतरायचा नाही. तोच आवाज गेल्या हिवाळ्यात बसला तो उठेचना. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि म्हणाले, "घशात काही नाही. डावा स्वरतंतू हलत नाहीये. छातीचा सीटी स्कॅन करून या."

आवाज बसल्यावर छातीचा स्कॅन कशाला, हे आम्हाला तेव्हा उमगलं नाही. तुम्हाला यात नवं काही नाही, पण वाचणाऱ्यांसाठी लिहिते. हृदयातून निघालेली महाधमनी आधी वर जाते, मग कमानीसारखी वळून पाठीकडे खाली उतरते. डाव्या स्वरतंतूची नस मानेतून छातीत येते, त्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा घशाकडे चढते. कमान फुगली की ती नस ताणली जाते आणि आवाज घोगरा होतो. अण्णांची कमान जिथे पाठीकडे उतरते तिथे मोठा फुगवटा होता, सहा सेंटिमीटरच्या वर, आणि तो खाली बराच लांब गेलेला. निरोगी माणसात तिथली रुंदी अडीच-तीन सेंटिमीटर असते. साडेपाचच्या पुढे गेलं की फुटण्याची भीती वाढते आणि डॉक्टर ऑपरेशनचा विचार करतात. वर्षानुवर्षांचं वाढलेलं प्रेशर आणि विडी, दोन्हींनी मिळून हे केलं होतं. दुखत कुठेच नव्हतं. घशाच्या त्या डॉक्टरांनी नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवलं असतं तर आज हे पत्र लिहायची वेळच आली नसती. त्यांचेही आम्ही जन्माचे ऋणी आहोत.

मोठं ऑपरेशन म्हणजे काय, ते सर्जनसाहेबांनी कागदावर चित्र काढून समजावलं. छातीचं हाड कापायचं, माणसाला हार्ट-लंग मशीनवर घ्यायचं, अंग थंड करत न्यायचं, काही वेळ शरीरातलं रक्ताचं फिरणं थांबवायचं आणि तेवढ्यात कमानीचा खराब भाग काढून कापडी नळी शिवायची. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत डॉ. रँडल ग्रीप यांनी थंडाव्याच्या या पद्धतीने कमान बदलता येते हे दाखवून दिलं आणि पुढे असंख्य माणसं त्यामुळे वाचली. पण अण्णांची फुफ्फुसं विडीने पोखरलेली. फुंकर मारायच्या तपासणीचे आकडे पाहून भूलतज्ज्ञांनी मान हलवली.

मग दुसरा मार्ग. जांघेतल्या धमनीतून एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत घडी केलेला स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी, वर न्यायचा आणि फुगवट्याच्या आत उघडायचा, गळक्या पाइपात आतून दुसरा पाइप बसवावा तसा. रक्त नव्या नळीतून वाहतं, फुगलेल्या भिंतीवरचा ताण जातो. हे नंतर वाचताना मला समजलं की छातीतल्या महाधमनीत असा ग्राफ्ट पहिल्यांदा बसवला तो युक्रेनमधल्या खार्किवला, डॉ. निकोलाय वोलोदोस यांनी, १९८७ साली. अर्जेंटिनाचे डॉ. हुआन पारोदी यांनी पोटातल्या महाधमनीत तो बसवला १९९० मध्ये. या माणसांनी आपापल्या गावात धाडस केलं आणि ते परळला आमच्या अण्णांच्या कामी आलं, याचं मला फार वाटतं.

कमानीत मात्र हे पोटाइतकं सरळ नाही. कमानीतून तीन मोठ्या फांद्या निघतात, मेंदूला आणि दोन्ही हातांना रक्त नेणाऱ्या. ग्राफ्टला घट्ट बसायला निदान दोन सेंटिमीटर चांगली भिंत लागते, आणि अण्णांच्या बाबतीत ती मिळत होती डाव्या हाताच्या फांदीच्याही अलीकडे. म्हणजे त्या फांदीचं तोंड झाकलं जाणार. म्हणून आधी गळपट्टीच्या हाडावर छोटा छेद घेऊन मानेतल्या धमनीतून हाताच्या धमनीला बायपास करून दिला. त्याच फांदीतून मेंदूच्या मागच्या भागाला आणि मणक्यातल्या मज्जारज्जूलाही रक्त जातं, असं सर्जनसाहेब सांगत होते. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं एकच, "डाव्या हाताने भाता मारता येईल ना?" साहेब क्षणभर थांबले. पेटीचं सांगितल्यावर म्हणाले, "त्यासाठीच तर बायपास."

धोके त्यांनी काही लपवले नाहीत. कमानीत तारा फिरवताना आतला कचरा सुटून मेंदूकडे गेला तर अर्धांगवायू होऊ शकतो. आणि दुसरा धोका पायांचा. महाधमनीतून पाठीकडे जाणाऱ्या बारीक बारीक धमन्या मज्जारज्जूला पोसतात. लांब ग्राफ्ट बसला की त्यातल्या बऱ्याच बंद होतात. बाकीच्या वाटांनी रक्त पुरलं तर ठीक, नाही पुरलं तर कमरेखालचं अंग लुळं पडतं. तेही लगेच नाही. चांगले पाय हलवणाऱ्या माणसाला काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनीसुद्धा. हे ऐकल्यापासून आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पैशांची ओढाताण वेगळीच, ग्राफ्टचीच किंमत लाखांत. त्यात मामा आणि मंडळाची पोरं उभी राहिली, त्यांचे आभार मी घरी मानेन.

ऑपरेशन नीट झालं. ग्राफ्ट उघडायच्या वेळी काही सेकंद हृदय मुद्दाम इतकं जोरात पळवतात की प्रेशर खाली येतं आणि रक्ताच्या लोंढ्याने ग्राफ्ट पुढे सरकत नाही, हे ऐकून अंगावर काटा आला. संध्याकाळी अण्णा शुद्धीवर आले, दोन्ही पाय हलवले, आणि वेटिंग हॉलमध्ये आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो.

तिथून पुढचं काम तुमचं होतं, सिस्टर.

तुम्ही दर तासाला त्यांच्याजवळ यायचात. नाव काय. हसून दाखवा. माझी बोटं दाबा, दोन्ही हातांनी, अजून जोरात. टाच उचला. आता दुसरी. अंगठा वर, अंगठा खाली. डाव्या मनगटाची नाडी, पावलांत रक्त वाहतंय का ते ऐकायचं डॉपलर यंत्र, जांघेतल्या ड्रेसिंगवर रक्त आहे का, पिशवीत लघवी किती, कारण स्कॅनच्या डायने किडनीला त्रास होऊ शकतो. सगळं कागदावर. झोप मोडते म्हणून अण्णा कुरकुरायचे. तुम्ही म्हणायचात, "काका, मला शिव्या द्या, पण टाच उचलून द्या."

दुसऱ्या रात्री एकच्या तपासणीत दोन्ही टाचा वर आल्या. दोनच्या वेळी उजवी आली नाही. अण्णा झोपेत होते, औषधांची गुंगी होती, "पाय जड झालाय गं, सकाळी बघू" असं ते पुटपुटले. तुमच्याकडे शेजारचाही पेशंट होता, त्याचा पंप सारखा वाजत होता. तरी तुम्ही त्या "सकाळी बघू"वर विसंबला नाहीत. त्यांना पूर्ण जागं केलंत, पुन्हा उचलायला लावलंत, आणि सरळ रजिस्ट्रारना, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, फोन लावलात. हे मला रजिस्ट्रारनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांचे शब्द असे होते की सिस्टरनी तासभर वाट पाहिली असती तरी कुणी त्यांना दोष दिला नसता, पण तो तास पायांचा होता.

प्रेशर थोडं उतरलं होतं. तुम्ही फोनवर असतानाच ते वाढवायची तयारी सुरू केली होतीत. मला सहीसाठी आत बोलावलं तेव्हा मॉनिटरवरचा आकडा पाहून मी घाबरले. महिनाभर आम्हाला बजावलं होतं, यांचं प्रेशर वाढू देऊ नका, वाढलं तर फुगा फुटेल. आणि इथे औषध सोडून सोडून ते वर नेत होते. तुम्ही सलाइन बदलत बदलत मला सांगितलंत, "ताई, आता आतून आधार बसलाय. आता मज्जारज्जूपर्यंत रक्त ढकलायचंय, त्याला प्रेशर पाहिजे. मीन, म्हणजे सरासरी प्रेशर, नव्वदच्या वर ठेवायचंय." मग पाठीतून ड्रेन, म्हणजे पाणी काढायची बारीक नळी, का घालायची, तेही. मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याचा दाब कमी केला की रक्ताला आत शिरायला जागा मिळते. दोन वाक्यांत सांगितलंत, आणि माझा सही करणारा हात थरथरायचा थांबला. त्या घाईत मला समजावून सांगणं तुमच्या ड्यूटीत कुठे लिहिलेलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत.

भूलतज्ज्ञ आले, कमरेत ड्रेन पडला, हिमोग्लोबिन कमी होतं म्हणून रक्त चढवलं. मग तुम्ही आणि तो ड्रेन. पाणी कमी काढलं तर उपयोग नाही, भराभर काढलं तर डोक्यात रक्तस्राव व्हायचा धोका, म्हणून तासाला मोजून काही मिलिलिटरच. काचेतून मला दिसत होतं, तुम्ही त्या मोजपट्टीपुढे वाकून उभ्या होतात, मध्येच शेजारच्या बेडकडे जात होतात आणि परत येत होतात. पहाटे अण्णांचा उजवा अंगठा हलला. उजाडेपर्यंत गुडघा वाकला. टाच उचलायला मात्र दुसरा दिवस लागला आणि त्या दिवशीही रात्रपाळीला तुम्हीच होतात. तुमचं हसणं मी मास्कवरून, डोळ्यांत पाहिलं.

स्टेंट ग्राफ्ट ज्यांनी बसवला त्यांचं कौशल्य मोठंच आहे, त्यात तिळभर शंका नाही. पण छेद लहान म्हणून आजार लहान होत नाही, आणि ऑपरेशन थिएटरचा दिवा विझला म्हणून ऑपरेशन संपत नाही. ज्यांच्या घरात असं ऑपरेशन व्हायचंय त्यांना मी आता हेच सांगते की चांगला सर्जन शोधाल तसं हेही विचारा: नंतर रात्री पाय कोण तपासणार, किती वेळाने तपासणार, आणि ड्रेनची सोय आहे का. आमच्या नशिबाने आम्हाला न विचारताच तुम्ही मिळालात.

अण्णांची खुशाली कळवते. महिन्याचा सीटी झाला. ग्राफ्ट जागेवर आहे आणि बाहेरच्या फुगवट्यात रक्त झिरपत नाही. आता दर वर्षी स्कॅन करत राहायचा आहे, जन्मभर. विडी बंद. चाळीचे दोन मजले ते कठडा धरून चढतात, उजव्या पायात थोडी कमजोरी आहे, फिजिओथेरपी चालू आहे. डाव्या हाताची नाडी चांगली लागते आणि भाता व्यवस्थित चालतो. आवाज पूर्ण आलेला नाही. ताणलेली नस सुधारायला वेळ लागतो, कधी ती पूर्ण सुधारतही नाही, असं घशाच्या डॉक्टरांनी सांगितलंय. नाही आला तर स्वरतंतूला आधार देणारं छोटं ऑपरेशन करता येतं म्हणाले. तोपर्यंत अण्णा पेटी धरतात आणि गजर माझा चुलतभाऊ म्हणतो. चुकला की अण्णा त्याला नुसत्या नजरेने दटावतात.

श्रावणात आमच्याकडे भजन असतं. आईने निक्षून सांगितलंय की तुम्हाला यायचंच आहे, नाइट असेल तर ड्यूटीला जाण्याआधी जेवून जा. काळ्या वाटाण्याची उसळ आणि घावणे असतील. पत्ता अण्णांच्या केसपेपरवर आहे.

या पत्राची एक प्रत मी मेट्रनबाईंच्या ऑफिसात दिली आहे आणि सोबत अर्ज जोडला आहे की ती तुमच्या सर्व्हिस फाइलला लावावी. दोन वाजताच्या तपासणीची नोंद तुमच्याच अक्षरात चार्टवर आहे, तिची तारीखही अर्जात लिहिली आहे. पोचपावती माझ्याकडे आहे.

आपली कृतज्ञ,
अण्णांची थोरली मुलगी