बाबा, गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्या

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही विषय टाळलात, पण आईने मागाहून सगळं सांगितलं. (तिच्यावर रागावू नका.) गुडघा बदलला, पाय सुधारला, तर पुन्हा मेडिकल बोर्डापुढे उभं करतील आणि डिसॅबिलिटी (अपंगत्वाची) पेन्शन कापतील, म्हणून तुम्ही ऑपरेशन पुढे ढकलताय.

ही भीती उगाच नाही. तुमच्या आधीच्या फौजींना ठरावीक काळाने रि-सर्व्हे बोर्डाला, म्हणजे फेरतपासणीला, जावंच लागायचं. अपंगत्वाचे टक्के वीसच्या खाली आले की पेन्शनमधला डिसॅबिलिटीचा भाग बंद. तेच किस्से तुम्ही युनिटमध्ये ऐकत आलात.

पण संरक्षण मंत्रालयाच्या ७ फेब्रुवारी २००१ च्या पत्राने ती पद्धत संपली. अपंगत्व कायमस्वरूपी ठरलं असेल तर बोर्डाचा निर्णय आयुष्यभरासाठी अंतिम. फेरतपासणी होते ती पेन्शनराने स्वतः मागितली तरच. ज्यांचं कायमस्वरूपी नाही, त्यांचीही एकदाच. तुम्ही २००३ मध्ये रिटायर झालात आणि तुमच्या बोर्डाच्या कागदावर ४० टक्क्यांपुढे ‘फॉर लाइफ’ असं स्वच्छ लिहिलंय. पेन्शनच्या हिशेबात त्याचे ५० टक्के धरतात, कारण ५० च्या आतलं सगळं ५० वर नेतात.

व्हॉट्सॲपवर फिरणारे डिसॅबिलिटी पेन्शनचे २०२३ चे नवे नियम २१ सप्टेंबर २०२३ पासून पुढे सेवेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहेत. तुमचा त्यांच्याशी संबंध नाही. दरवर्षीचा हयातीचा दाखला मात्र ‘स्पर्श’ या पेन्शनच्या पोर्टलवर वेळेत भरायचाच, नाहीतर पेन्शन अडकते. त्यात माणूस जिवंत आहे एवढंच बघतात, गुडघा कोणी वाकवून पाहत नाही!

टक्के वाढवून मागा, असं काका म्हणतात. मला ते पटत नाही. फेरतपासणी आपणच मागायची, तर आकडा आपल्या बाजूनेच लागेल याची हमी कोण देणार? आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद दाखवू, मग ठरवू.

आणि बाबा, खरं सांगू? तुम्हाला पैशापेक्षा लोकांची धास्ती जास्त आहे. नीट चालायला लागलो तर ‘हा कसला अपंग’ म्हणतील, हेच ना? दुखापत ड्यूटीवर झाली हे तुम्ही नाही, बोर्डाने लिहिलंय. जिना चढताना कळ येत नाही म्हणून ते खोटं ठरत नाही.

आई, ई.सी.एच.एस.चं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड, जुने एक्स-रे आणि पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) प्रत एका पिशवीत काढून ठेव. योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून रेफरल (हॉस्पिटलसाठीची चिठ्ठी) घेतल्याशिवाय हॉस्पिटलची तारीख घेऊ नका. उलटं केलं की बिलाचा घोळ होतो. रेफरल मिळालं की कळवा, मी रजा टाकते.

तुमची,
लेक