दहावीच्या वर्गात उत्क्रांती परत आणा : गोव्याच्या शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी

महोदय,
सविनय नमस्कार.

दहावीच्या विज्ञानातल्या एका प्रकरणाविषयी लिहीत आहे. त्याचे नाव पूर्वी ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असे होते. कोरोनानंतर अभ्यासाचा भार कमी करताना, २०२२ मध्ये शालेय पाठ्यपुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेने त्यातला उत्क्रांतीचा भाग वगळला आणि पुढे छापलेल्या पुस्तकात नुसती आनुवंशिकता उरली. डार्विन गेले, जीवाश्म गेले, माणसाच्या उत्क्रांतीचा मजकूर गेला. एप्रिल २०२३ मध्ये देशातल्या अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी खुले पत्र लिहून या निर्णयाला विरोध केला.

त्यावर उत्तर मिळाले की बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहेच. आहे, आणि ते प्रकरण चांगले आहे. पण ते वाचते कोण? आमच्या शाळांतून दहावी झालेली मुले कॉमर्सला जातात, आर्ट्सला जातात, आयटीआय किंवा डिप्लोमा करतात. त्यांच्यासाठी दहावीचे विज्ञान हेच आयुष्यातले शेवटचे विज्ञान. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नये असे डॉक्टर का सांगतात, कोरोनाचा डेल्टा आणि मग ओमिक्रॉन कुठून आला, हे समजायला लागणारी गोष्ट त्यांना आता कोणीच सांगणार नाही. मेंडेलचे वाटाणे पाठ होतील. गुण पुढच्या पिढीत कसे जातात ते कळेल, पण पिढ्यान्‌पिढ्या ते बदलत का जातात हा प्रश्न मनात येण्याआधीच पुस्तक संपेल.

अमेरिकेत हा वाद शंभर वर्षे उघड चालला. १९२५ मध्ये टेनेसी राज्यात उत्क्रांती शिकवल्याबद्दल स्कोप्स नावाच्या शिक्षकाला दंड झाला. १९८७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उत्क्रांतीच्या जोडीला बायबलमधली निर्मिती ‘विज्ञान’ म्हणून शिकवण्याची सक्ती करणारा कायदा रद्द केला, आणि २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या खटल्यात ‘बुद्धिमान रचना’, म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवले हे मत, हे विज्ञान नव्हे असा निकाल लागला. दोन्ही बाजूंना न्यायालयात उभे राहून आपले म्हणणे मांडावे लागले. आपल्याकडे असे काही घडले नाही. भार कमी करण्याच्या यादीत एक ओळ आली आणि पाने गेली. हेच मला जास्त टोचते.

गोव्यात तर यावर भांडायला कारणच नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्येच उत्क्रांती ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही, असे स्पष्ट मान्य केले होते. हिंदूंच्या घरांतूनही या धड्यावर तक्रार घेऊन कोणी माझ्याकडे आल्याचे आठवत नाही. २०१८ मध्ये केंद्रातल्या एका राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला, तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र येऊन त्यांचे म्हणणे खोडून काढले.

काही जण सुचवतात की मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम म्हणजेच उत्क्रांती, तेच मुलांना सांगावे. जत्रेत रात्र रात्र जागून दशावतारी काला पाहतच मी वाढले. तो मला अतिशय प्रिय आहे. पण वर्गात ही सांगड घालू नये, कारण तिने विज्ञान चुकीचे कळते. अवतार एकामागून एक येतात. उत्क्रांती अशी शिडी नाही. माकडाचा माणूस झाला, मग आजची माकडे माणसे का होत नाहीत, हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतो तो याच समजुतीतून.

त्याचे उत्तर आमच्या मुलांच्या पायाशी आहे. चोडणच्या खारफुटीत ओहोटीला चिखलावर उड्या मारणारी निवटी ही मासळी मांडवीकाठच्या पोरांना चांगली ठाऊक असते. अंग ओले असेपर्यंत ती त्वचेतूनही श्वास घेते आणि पुढच्या परांवर शरीर रेटत चालते. पण चार पायांचे प्राणी जन्मले ते सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी, माशांच्या वेगळ्याच शाखेतून. निवटी आपली पूर्वज नाही, दूरची चुलत बहीण आहे. पाण्याबाहेर पडायची वाट तिच्या कुळाने स्वतंत्रपणे शोधली. एवढे कळले की शिडीची कल्पना मुलांच्या डोक्यातून आपोआप जाते. उत्तर गोव्यात सापडलेल्या देवगांडुळाच्या एका जातीला २००७ मध्ये गोव्याचेच नाव मिळाले. दिसायला गांडूळ, पण पाठीला कणा असलेला हा बेडकाचा नातलग. आणि कुशावतीकाठी उसगाळीमळला जांभ्यावर कोरलेली चित्रे पाहायला सहली जातात, तेव्हा ती कोरणारा माणूस कुठून आला हे मुलांना माहीत नसावे?

आपले सरकार पणजीत दामोदर कोसंबींच्या नावाने विचार महोत्सव भरवते. कोसंबी मूळ गणिती, जन्म गोव्यात, १९०७ चा. गुणसूत्रावर जनुकांमधले अंतर काढायचे त्यांचे सूत्र १९४४ पासून जगभरच्या प्रयोगशाळांत ‘कोसंबी’ याच नावाने वापरले जाते. त्यांच्या भूमीत दहावीच्या मुलाला उत्क्रांती हा शब्दही भेटू नये, हे मला सहन होत नाही.

म्हणून विनंती आहे. एनसीईआरटीची वाट न पाहता आपल्या राज्याच्या एससीईआरटी या शैक्षणिक संस्थेने दहावीसाठी वीसेक पानांची पुरवणी काढावी. उदाहरणे गोव्याची असावीत. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची आणि गोवा विद्यापीठाची मदत घ्यावी. आमची बहुतेक मुले मराठी किंवा कोकणी प्राथमिक शाळेतून येऊन पाचवीत इंग्रजीला लागतात. पुरवणी तिन्ही भाषांत असली तर घरी आईबापही ती वाचतील. शिक्षकांना दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे, कारण यातले अनेक जण हा विषय घाबरत शिकवतात. आणि ज्याला गुण नाहीत ते वर्गात शिकवले जात नाही, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. तेव्हा अंतर्गत मूल्यमापनात या पुरवणीसाठी निदान पाच गुण राखून ठेवावेत.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, फोंडा