औषधे स्वस्त झाली ती कायद्यामुळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य विम्याच्या योजनांविषयी आपल्या दैनिकात अलीकडे सुरू असलेली चर्चा मी आस्थेने वाचत आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण राज्यातील सर्व कुटुंबांना मिळावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र ही सारी चर्चा रुग्णालयाच्या खाटेपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. बहुसंख्य आजारी माणसे खाटेवर नसतात. रक्तदाब, मधुमेह, दमा, संधिवात यांची चिठ्ठी घेऊन ती दर महिन्याला औषधाच्या दुकानात जातात, आणि तो खर्च अशा योजनांत बसत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरली. २०१३-१४ मध्ये हेच प्रमाण ६४.२ टक्के होते, तेव्हा सुधारणा झाली हे मान्य करायला हवे. पण या खिशातल्या खर्चात औषधांचा वाटा आजही फार मोठा आहे.

जगाचे चित्रही याहून वेगळे नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या २०२३ च्या संयुक्त अहवालानुसार सुमारे ४५० कोटी लोकांना अत्यावश्यक आरोग्यसेवा पूर्णपणे मिळत नाहीत आणि सुमारे २०० कोटी लोक उपचारांच्या खर्चामुळे आर्थिक अडचणीत सापडतात. ‘सर्वांसाठी आरोग्य’ या घोषणेला १९७८ च्या अल्मा-आता परिषदेपासून आता जवळपास अर्धे शतक होत आले. या काळात घोषणा पुष्कळ झाल्या. परंतु औषधाच्या किमतीत ज्याने खरोखर फरक पडला, अशा गोष्टी मोजक्याच आहेत. त्यांतली एक म्हणजे भारताचा पेटंट कायदा. तो सध्या हळूहळू पातळ केला जात आहे, आणि त्याची चर्चा मराठी वृत्तपत्रांत जवळजवळ होत नाही, म्हणून हे पत्र.

स्वातंत्र्यानंतर वीस-पंचवीस वर्षे आपल्याकडे १९११ चा ब्रिटिशांचा पेटंट कायदाच चालू होता. अमेरिकी सिनेटच्या केफॉव्हर समितीने १९६० च्या सुमारास औषधांच्या किमतींची चौकशी केली, तेव्हा गरीब भारतातील काही औषधांचे भाव जगातील सर्वाधिक भावांत मोडतात, असे तिच्या निदर्शनास आले. त्याच सुमारास, १९५९ मध्ये, न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या समितीचा अहवाल आला आणि त्याच्या आधारावर १९७० चा कायदा झाला. त्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट देणे बंद करण्यात आले. पेटंट मिळे ते फक्त तो पदार्थ बनवण्याच्या पद्धतीवर, आणि तेही थोड्या वर्षांसाठी. तोच रेणू निराळ्या मार्गाने बनवता येत असेल तर तो बनवण्याची मोकळीक येथील रसायनशास्त्रज्ञांना मिळाली. ज्या पिढीने आम्हाला औषधरसायनशास्त्र शिकवले, तिची कारकीर्द याच मोकळिकीवर उभी राहिली.

त्याचे फळ साऱ्या जगाला दिसले ते फेब्रुवारी २००१ मध्ये. एचआयव्हीवरील तीन औषधांच्या संयुक्त उपचाराला तेव्हा एका रुग्णामागे वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर लागत होते. मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या वतीने युसुफ हमीद यांनी तोच उपचार ‘मेद्सां सां फ्रोंतिएर’ या वैद्यकीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी खर्चात, देऊ केला. तिन्ही औषधे एकाच गोळीत घालणेही भारतात शक्य झाले, कारण अन्यत्र त्यांची पेटंट वेगवेगळ्या कंपन्यांकडे होती आणि त्या एकत्र यायला तयार नव्हत्या. पुढे दात्या देशांच्या निधीतून आफ्रिकेसाठी खरेदी झालेल्या एचआयव्हीच्या औषधांपैकी बहुतांश औषधे भारतीय कारखान्यांतून गेली. याचे श्रेय अनेकदा भारतीय उद्योजकाच्या औदार्याला दिले जाते. औदार्य असेलही, पण १९७० चा कायदा नसता तर ते दाखवायला संधीच मिळाली नसती.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून भारताला पदार्थावरील पेटंट पुन्हा मान्य करावे लागले. त्या वेळच्या दुरुस्तीत संसदेने तीन संरक्षक तरतुदी राखल्या. पहिली म्हणजे कलम ३(ड): आधीच ठाऊक असलेल्या पदार्थाचे नवे रूप परिणामकारकतेत लक्षणीय भर घालत नसेल, तर त्यावर पेटंट नाही. दुसरी, पेटंट मंजूर होण्यापूर्वीच कोणालाही हरकत घेता यावी. तिसरी, औषध वाजवी किमतीत उपलब्ध नसेल तर पेटंटधारकाच्या संमतीविना दुसऱ्या उत्पादकाला सक्तीचा परवाना देता यावा. रक्ताच्या कर्करोगावरील ‘ग्लिव्हेक’ या औषधाच्या स्फटिकरूपावर नोव्हार्टिसने मागितलेले पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ३(ड)च्या आधारे नाकारले. कंपनीच्या औषधाला महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपये लागत, तर भारतीय जेनेरिकला आठ-दहा हजार. सक्तीचा परवाना त्याआधी मार्च २०१२ मध्ये बायरच्या ‘नेक्सावार’साठी नॅटको कंपनीला देण्यात आला. मूत्रपिंड आणि यकृत यांच्या कर्करोगावरील या औषधाचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला, आणि विक्रीचा ठराविक हिस्सा स्वामित्वधन म्हणून बायरला मिळत राहिला. असा परवाना त्यानंतर एकाही औषधाला देण्यात आलेला नाही.

हरकतीची तरतूद किती मोलाची आहे, हे बेडाक्विलिनच्या प्रकरणात दिसले. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर पूर्वी महिनोन्‌महिने इंजेक्शने घ्यावी लागत आणि त्यांमुळे कित्येकांची श्रवणशक्ती जात असे. बेडाक्विलिन ही तोंडाने घ्यायची गोळी आली आणि इंजेक्शने टळू लागली. जॉन्सन अँड जॉन्सनचे त्यावरील मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. पण कंपनीने त्याच रेणूच्या फ्युमरेट क्षारावर आणखी एक पेटंट मागून आपली मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबवण्याची सोय केली होती. आम्लारिधर्मी रेणूचा क्षार बनवून पाहणे हा औषधनिर्माणशास्त्रातील नित्याचा भाग आहे. त्यात चार वर्षांच्या मक्तेदारीइतके नावीन्य असते, असे निदान मला शिकवताना कधी वाटले नाही. मुंबईच्या पेटंट कार्यालयात त्या अर्जावर हरकत घेतली ती एचआयव्हीसह जगणाऱ्या महाराष्ट्रातील व्यक्तींच्या संघटनेने, तसेच दोन तरुणींनी. एक मुंबई परिसरातली, दुसरी केपटाऊनजवळच्या खायेलित्शाची. दोघींनी क्षयरोगावर मात केली होती आणि दोघींचीही श्रवणशक्ती त्या इंजेक्शनांनी हिरावली होती. २३ मार्च २०२३ रोजी अर्ज फेटाळला गेला. भारतीय उत्पादकांना वाट मोकळी झाली आणि त्याच वर्षी जागतिक औषधपुरवठा यंत्रणेने काढलेल्या निविदेत खुद्द जॉन्सन अँड जॉन्सनने सहा महिन्यांच्या उपचाराची किंमत २८९ डॉलरवरून १३० डॉलरवर आणली. रुग्णांनी चालवलेल्या लढ्याचा लाभ असा दक्षिण आफ्रिकेपासून फिलिपिन्सपर्यंतच्या रुग्णांना मिळाला, आणि तो निर्णय मुंबईत झाला हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

हीच तरतूद आता अवघड होऊ लागली आहे. स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांच्या गटाशी भारताने १० मार्च २०२४ रोजी व्यापार करार केला, आणि पाचच दिवसांनी पेटंट नियमांत बदल झाले. पूर्वी विनामूल्य असलेल्या मंजुरीपूर्व हरकतीला शुल्क लागू झाले. हरकत ऐकून घेण्याजोगी आहे की नाही, हे आधी पेटंट नियंत्रकाने ठरवावे अशी पायरी आली. आणि पेटंटधारकाने आपल्या पेटंटचा देशात वापर केला की नाही, हे सांगणारे निवेदन दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा देणे पुरेसे ठरले. सक्तीचा परवाना मागणाऱ्याला हेच निवेदन पुरावा म्हणून हाताशी लागते. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात तर औषधे उपलब्ध करून देण्याचा इष्ट मार्ग ऐच्छिक, म्हणजे पेटंटधारकाने स्वखुशीने दिलेल्या, परवान्यांचा आहे, असे भारताने लिहून दिले.

ऐच्छिक परवाना वाईट असतो असे नाही. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठी वर्षातून दोनदा घ्यावयाच्या लेनाकापाविर या इंजेक्शनची अमेरिकेतील किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर आहे, तर गिलियड कंपनीकडून परवाना घेतलेल्या भारतीय उत्पादकांनी ते २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देण्याचे जाहीर केले आहे. दोन किमतींतली ही तफावत पाहिली की खरा उत्पादनखर्च किती असावा याचा अंदाज येतो. परंतु त्या परवान्यात १२० देश आहेत आणि ब्राझील नाही, जरी औषधाच्या चाचण्यांत तेथील स्वयंसेवकांनी भाग घेतला होता. ऐच्छिक परवान्यात कोणाला घ्यायचे आणि कोणाला वगळायचे हे कंपनी ठरवते. सक्तीच्या परवान्याची शक्यता डोक्यावर असते तेव्हा कंपन्यांची इच्छा जरा लवकर होते, एवढे मात्र अनुभवाने म्हणता येते.

संशोधनाला पैसा लागतो, किमती पाडल्या तर नवी औषधे येणार कोठून, हा प्रश्न रास्त आहे आणि तो झटकून टाकू नये. पण बेडाक्विलिनच्या विकासात विद्यापीठे, सरकारे आणि लोकोपयोगी निधी यांचा पैसा मोठ्या प्रमाणावर ओतला गेला होता, आणि चाचण्यांचा भार सार्वजनिक रुग्णालयांतील रुग्णांनीही उचलला होता. जेथे खर्च समाजाने केला आहे तेथे किंमतही समाजाशी बोलून ठरायला हवी.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, आणि आमच्या व्यवसायातील लोक तो टाळतात. स्वस्त औषध निर्धोक असेल, याची हमी कोण देणार? १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशुद्ध ग्लिसरॉलने चौदा रुग्ण दगावले, न्या. लेंटिन आयोगाने त्यावर औषध प्रशासनाचा जो पंचनामा केला, तो आजही वाचावा. तरीही २०२२ मध्ये भारतीय बनावटीच्या खोकल्याच्या औषधाशी गांबियातील बालमृत्यूंचा संबंध जोडला गेला, आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरातील मुले तशाच विषारी औषधाने दगावली. त्यांतली कित्येक नागपूरच्या रुग्णालयांत उपचार घेत होती. दोन्ही वेळी आढळलेला घटक डायएथिलीन ग्लायकॉल हाच. त्याची तपासणी अवघड नाही आणि महागही नाही; ती प्रत्येक घाण्याची (बॅचची) व्हावी यासाठी निरीक्षक आणि प्रयोगशाळा लागतात. जगाला औषधे पुरवणाऱ्या देशाने यात काटकसर करणे अक्षम्य आहे.

आणि ज्या देशातून इतकी स्वस्त औषधे जगभर जातात, त्या देशातल्या रुग्णाला ती त्या भावात का मिळत नाहीत? आपल्याकडे एकाच औषधाचे डझनावारी ब्रँड असतात आणि डॉक्टर लिहून देतात तो ब्रँड रुग्ण घेतो, त्यामुळे स्पर्धेने भाव उतरत नाहीत. २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाने उत्पादनखर्चाचा आधार सोडला; बाजारात एक टक्का किंवा अधिक वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी आणि त्यावर विक्रेत्याचे सोळा टक्के, अशी कमाल किंमत ठरू लागली. महाग विकणारेच बाजारात आघाडीवर असतील तर ही सरासरी कोठे जाणार, हे सांगायला नको. सरकारने मनावर घेतले तर काय होते, हे फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटबाबत दिसले: लाखाच्या वर जाणारा औषधलेपित स्टेंट तीस हजारांच्या आत आला.

महाराष्ट्राच्या हातात जे आहे, ते खरेदीचे आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. पण औषध साठ्यात नसेल आणि ‘बाहेरून आणा’ म्हणून चिठ्ठी मिळत असेल, तर त्या निःशुल्कतेला फारसा अर्थ उरत नाही. तमिळनाडूने १९९४ मध्ये स्वतंत्र खरेदी महामंडळ स्थापून, जिल्ह्यांत गोदामे उभारून आणि प्रत्येक घाण्याची तपासणी करून ही अडचण पुष्कळ अंशी दूर केली. राजस्थानने २०११ मध्ये तोच मार्ग धरला. आपल्याकडे वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण कायद्याने २०२३ मध्ये आले. कोणत्या रुग्णालयात कोणते औषध किती शिल्लक आहे, ते कोणत्या दराने घेतले आणि तपासणीत कोणते नमुने नापास झाले, ही माहिती या प्राधिकरणाने दर महिन्याला संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी, अशी माझी पहिली मागणी आहे. दुसरी मागणी राज्यातील खासदारांकडे: मंजुरीपूर्व हरकतीवरचे शुल्क निदान रुग्णसंघटनांसाठी रद्द व्हावे आणि वापराचे निवेदन पुन्हा वार्षिक व्हावे, यासाठी त्यांनी संसदेत प्रश्न विचारावेत. युरोपीय संघासह कोणत्याही करारात कलम ३(ड) किंवा चाचण्यांच्या माहितीवरील मक्तेदारी (म्हणजे मूळ कंपनीच्या चाचण्यांच्या आधारे दुसऱ्या उत्पादकाला मंजुरी मिळू न देणे) हा विषय आला असेल, तर त्याचा मसुदा सहीपूर्वी संसदेच्या स्थायी समितीपुढे ठेवावा, असाही आग्रह त्यांनी धरावा. आपल्या दैनिकाने या दोन्ही गोष्टींचा पाठपुरावा केल्यास वाचक या नात्याने मी आभारी राहीन.

आपला विश्वासू,
औषधनिर्माणशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक,
सांगली